मातीच्या साध्या कुंड्या स्वस्तात रंगवायच्या आहेत, पण रंग पोपडे धरून निघतो. काय चुकतं?

रंग वाईट नसतो, ओल आतून येते. भाजलेली माती पाणी शोषते, ते बाहेर झिरपतं आणि रंगाला मागून ढकलतं. सोबत आलेले क्षार पांढऱ्या डागांसारखे दिसतात.

कुंडी रिकामी करा, काथ्याने घासून धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. वरून कोरडी दिसली तरी घाई नको. १२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. आतून वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात द्या, तळाचं भोक मात्र मोकळं ठेवा. इथे पांढरा डिंक पातळ करून लावू नका, ओल लागली की तो मऊ पडतो.

बाहेरून एक्स्टिरिअर इमल्शनच, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा रंगच हवा. डिस्टेंपर हा घरातल्या भिंतींचा स्वस्त रंग पहिल्या पावसात उतरतो. एक लिटर पांढरं घ्या. आठ इंची वीसेक कुंड्यांना दोन हात सहज होतात. वाटीभर रंगात स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याचे थेंब टाकून छटा बनवा. पांढऱ्यातून फिकटच छटा मिळतात. गडद लाल हवा म्हणून स्टेनर ओतत राहिलात, तर रंग नीट वाळत नाही आणि बोटाला लागतो.

खरं तर पूर्ण कुंडी रंगवूच नये. काठाखाली चार बोटांचा पट्टाच रंगवून बाकी माती उघडी ठेवली, तर ओल तिथून निघून जाते आणि आतल्या कोटिंगची गरजही सहसा पडत नाही. त्या पट्ट्यावर वारलीसारखी पांढरी चित्रं काढा. टोक ठेचलेली बांबूची काडी ब्रशपेक्षा बरी चालते.