क्लिंडामायसिनचा कोर्स संपल्यावर आईला जुलाब. डॉक्टर म्हणतात 'आतड्यातल्या जिवाणूचं विष'. म्हणजे काय, आणि आता काय करायचं?

दाढेसाठी घेतलेल्या क्लिंडामायसिननंतर आठवड्याभराने दिवसातून सहा-सात पाण्यासारखे जुलाब, असं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टरांचा संशय बहुधा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, म्हणजे 'सी डिफ' या जिवाणूवर असावा. अँटिबायोटिकनंतरचे बहुतेक जुलाब याच्यामुळे नसतात. पण क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातलं औषध झालं असेल, तर पुढचे तीन महिने हा संशय मनात ठेवावाच लागतो.

मोठ्या आतड्यातले आपले नेहमीचे जिवाणू पित्ताम्लांत असे बदल करतात, की सी डिफला तिथे वाढता येत नाही. अँटिबायोटिकने ते मेले की याचे बीजाणू रुजतात, आणि जिवाणू दोन विषं सोडतो: टॉक्सिन ए आणि टॉक्सिन बी. ही विषं आतड्याच्या पेशीत शिरून 'ऱ्हो' गटातल्या प्रथिनांवर ग्लुकोजचा रेणू चिकटवतात. पेशीचा ॲक्टिनचा सांगाडा याच प्रथिनांच्या भरवशावर उभा असतो. ती निकामी झाली की सांगाडा कोसळतो, पेशी गोल होते आणि शेजारच्या पेशीशी असलेला सांधा सुटतो. त्या फटींतून पाणी आतड्यात झिरपतं, मागोमाग सूज येते. आजार वाढला तर अस्तरावर पिवळसर चकत्या दिसतात.

नुकसान विषाचं आहे, म्हणून तपासणीही विषाचीच हवी. काही निरोगी माणसांच्या पोटात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो, त्यामुळे नुसती पीसीआर (जिवाणूचं जनुक शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून आजार ठरत नाही. 'जीडीएच आणि टॉक्सिन ए-बी' मागा; जीडीएच हे या जिवाणूचं एक प्रथिन. नमुना पातळ शौचाचाच द्या. घट्ट शौचाची ही तपासणी करू नये. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं: साध्या तापमानालाही हे विष दोन तासांत इतकं विघटित होऊ शकतं की रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. डबी बर्फाच्या पिशवीसोबत थेट लॅबमध्ये न्या, दुपारी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, सध्या देऊ नका. आतड्याची हालचाल थांबली की विष आतच साचतं. निदान पक्कं झालं तर मोठ्यांसाठी नेहमीचा उपचार म्हणजे तोंडाने व्हँकोमायसिन, १२५ मिग्रॅ दिवसातून चार वेळा, १० दिवस, किंवा फिडॅक्सोमायसिन. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही, म्हणून ते इथे चालत नाही. मेट्रोनिडाझोल आता फक्त सौम्य आजारात, दुसरं औषध मिळत नसेल तेव्हाच. दुकानातून आणून मनाने सुरू करू नका. अँटिबायोटिकसोबत सवयीने लिहिलेली पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) अजून चालू असेल तर ती खरंच हवी आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. अशा गोळ्यांचा या आजाराशी संबंध दिसलेला आहे.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असं अंदाजाने नको. मेच्या उकाड्यात कूलरसमोर बसूनही घाम जातच असतो, त्यामुळे प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास द्या. ताप, पोट फुगणं, शौचात रक्त, लघवी कमी होणं किंवा गुंगी दिसली तर वाट न पाहता मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. फुगलेलं पोट असताना जुलाब अचानक थांबले, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका.

सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. हात साबणाने, वाहत्या पाण्याखालीच धुवायचे. संडास पुसायला पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घ्या, दहा मिनिटं ओलं राहू द्या, आणि त्यात ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. जुलाब थांबल्यावर 'गेला का' म्हणून पुन्हा तपासणी लागत नाही. मात्र साधारण पाचातल्या एकाला तो परत होतो, त्यामुळे पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की हा आजार झाल्याचं अँटिबायोटिक लिहिण्याआधीच सांगा.