फुटक्या बांगड्या आणि सासूबाईंची तक्रार

प्रश्न : फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे आणि शिंप्याकडची कात्रणं वापरून मी मोर, पोपट आणि बाहुल्या करते. सासूबाई म्हणतात, घराचं भंगारदुकान केलंस. पांढऱ्या गमने चिकटवलेल्या बांगड्या पावसाळ्यात गळून पडतात. शिवाय एका प्रदर्शनात कुणीसं म्हणालं, ‘हा छंद झाला, कला नव्हे.’ काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. पण या कामात साठवण हेच निम्मं काम असतं. चंदीगडचं रॉक गार्डन, म्हणजे टाकाऊ वस्तूंच्या मूर्तींची बाग, ज्यांनी उभं केलं ते नेकचंद बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. कला कुठे शिकलेले नव्हते. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या आराखड्यावर नवं शहर वसत होतं, त्यासाठी जुनी गावं पाडली जात होती. तिथला राडारोडा, फुटकी भांडी, शिवालिकच्या पायथ्याचे गोटे असं सगळं ते सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊन ठेवत. १९५७च्या सुमारास हे सुरू झालं. मूर्ती घडवायला लागायच्या आधी कितीतरी वर्षं नुसती जमवाजमव चालली होती. जागा सरकारी, परवानगी कसलीच नाही! सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा सगळं जमीनदोस्त व्हायचंच, पण लोकांना ते आवडलं आणि १९७६ला तीच जागा बाग म्हणून सर्वांसाठी उघडली. नेकचंदांना पगारावर तेच काम दिलं, हाताखाली पन्नास माणसं दिली. १९८४ला पद्मश्री मिळाली. सासूबाईंना एवढं वाचून दाखवा. मात्र एक खोली किंवा माळा ठरवून घ्या आणि डबे वेगवेगळे ठेवा : हिरव्या बांगड्या एकीकडे, लाल एकीकडे. सरमिसळ ढीग दिसला की घरच्यांचा जीव जातो, आणि तुम्हालाही हवा तो तुकडा ऐन वेळी सापडत नाही.

आता गळणाऱ्या बांगड्या. पांढरा गम पाण्यात टिकत नाही. बाहेर ठेवायच्या वस्तूला सिमेंटच हवं. सळईचा सांगाडा करा, बारीक जाळी तारेने बांधा, त्यावर सिमेंट-वाळूचा माल चढवा. शेवटचा थर ओला असतानाच तुकडे अर्धे आत जातील असे दाबा. माल आवळल्यावर तुकडा वरच्यावर बसतो आणि निघून येतो. नंतर निदान आठवडाभर पाणी मारा, थेट उन्हात ठेवू नका. हातात जाड मोजे घाला, काच दिसत नाही पण लागते. जवळपासच्या एखाद्या गवंड्याला चहा पाजून एक दुपार त्याच्याकडून शिका. माझ्या दहा ओळींपेक्षा ते बरं.

कापडी बाहुल्यांना मात्र सिमेंट लावू नका, त्यांची जात वेगळी. नेकचंदांनीही चिंध्यांच्या बाहुल्या केल्या, लोखंडी सांगाड्यावर कापड गुंडाळून, माणसाएवढ्या मोठ्या. ऊन-पावसात कापड कुजतं, म्हणून अशा बाहुल्यांची जागा छपराखाली. रॉक गार्डनमध्ये आता बाहुल्यांचं संग्रहालय आहे, तुम्हाला मोरांपेक्षा तेच पाहण्यासारखं वाटेल.

‘छंद की कला’ याचं उत्तर मी जरा रोखठोक देते. तुमचा एकटा पोपट कदाचित छंदच असेल. नेकचंदांची एखादी मूर्ती एकटी समोर ठेवली तर ती ताठर, थोडी ओबडधोबडच वाटेल. पण तशाच कितीतरी बायामाणसं चढणीवर रांगेने उभी राहिली की अख्खा गाव बाहेर येऊन आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटतं. त्या गर्दीत ताकद आहे. म्हणून पोपट, मोर, बाहुली असं एकेक करून विकू नका. एकच पक्षी घ्या आणि तीस करा, तिसांच्या माना वेगवेगळ्या वळवा. पुढच्या प्रदर्शनात ते सगळे एकत्र मांडा.

प्रश्न : मुलाने शाळेसाठी बाटल्यांच्या झाकणांचं कासव केलंय. सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. पिकासोने १९४२मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. ते बघताना बैलही दिसतो आणि सायकलही, मजा त्यातच आहे. सोनेरी रंग फासला की झाकणं बुजली, मग ते कासव बाजारातून आणलं काय नि घरी केलं काय, सारखंच. झाकणांवरची अक्षरंसुद्धा राहू द्या.