व्हाइट गोल्डची अंगठी पिवळी पडली. तक्रारीची दोन वर्षे कोणत्या दिवसापासून?

प्रश्नाचा सारांश असा. नाशिकच्या एका वाचक भगिनीने साखरपुड्यासाठी 25 महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका पेढीतून 18 कॅरेट व्हाइट गोल्डची, एका लहान हिऱ्याची अंगठी 64,000 रुपयांना घेतली. पाचव्या महिन्यात अंगठीची तळव्याकडची बाजू पिवळी दिसू लागली म्हणून त्यांनी फोटो काढून सराफांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि सराफांनी एकदा विनामूल्य रोडियम पॉलिश, म्हणजे रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा, करून दिले. पुढे पुन्हा तेच झाले, तेव्हा त्यांनी नाशिकमधल्या एका कारागिराकडून 900 रुपयांत पॉलिश करून घेतले. आता तेही उतरले आहे आणि गेल्या महिन्यात पेढीने हात झटकले. आपली फसवणूक झाली का आणि या नकारापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली तर चालेल का, असे त्या विचारतात. लग्नसराई संपून काही महिने झाले की या स्वरूपाची पत्रे माझ्याकडे नेमाने येतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर पहिला प्रश्न ऐकून घ्यायलाही कोणी बांधील राहणार नाही. गेल्या महिन्यातील नकारापासून मुदत मोजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे, तक्रारीस कारण ज्या दिवशी घडले त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. जुन्या कायद्यातही हीच मुदत होती आणि तिच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, तक्रार मुदतीत आहे की नाही हे दाखल करून घेण्यापूर्वीच तपासणे बंधनकारक आहे. समोरच्याशी पत्रव्यवहार चालू होता, तो ‘बघू, करून देतो’ म्हणत होता, शेवटी त्याने नकार दिला, एवढ्याने एकदा सुरू झालेली मुदत नव्याने सुरू होत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ती वाढत नाही, हा गैरसमज तर सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे.

मग कारण घडले केव्हा? सराफांचे वकील म्हणतील, खरेदीच्या दिवशी, कारण जी माहिती दिली नाही असा तुमचा आरोप आहे ती त्याच दिवशी द्यायची होती. तसे धरले तर तुमची मुदत गेल्या महिन्यात संपली. आपण म्हणायचे, पिवळेपणा प्रथम दिसला तेव्हा, कारण वरच्या मुलाम्याखाली काय आहे हे दुकानात अंगठी कितीही उलटसुलट करून पाहिली तरी ग्राहकाला कळणे शक्य नसते. ही भूमिका मला अधिक न्याय्य वाटते आणि ती टिकण्याची बरी शक्यता आहे. तसे धरले तर फोटो पाठवल्याला 20 महिने झाले, म्हणजे हातात चार महिने उरले. विनामूल्य पॉलिशच्या तारखेपासून मोजण्याचा मोह टाळा, कारण ते सौजन्य म्हणून केले असे सांगणे सराफांना अगदी सोपे आहे. तक्रारीबरोबरच कलम 69 च्या दुसऱ्या पोटकलमाखाली विलंब माफीचा सावधगिरीचा अर्ज जोडा आणि त्यात ‘मुदत उलटलेली नाही, तथापि आयोगास तसे वाटल्यास’ अशा शब्दांत कारण द्या. हे कारण पुरेसे आहे की नाही ते आयोग ठरवील, पण अर्जच नसेल तर ठरवायला काही उरणार नाही.

आता फसवणुकीविषयी. शुद्ध सोने पिवळेच असते. 18 कॅरेटमध्ये हजारात 750 भाग सोने असते आणि उरलेल्या 250 भागांत पॅलेडियम, निकेल, चांदी, जस्त यांसारखे धातू मिसळून तो पिवळा रंग फिका केला जातो. फिका होतो, तरी पुष्कळ मिश्रणांत करडी-पिवळसर झाक राहतेच. दुकानाच्या दिव्याखाली जो आरशासारखा शुभ्र रंग दिसतो तो वर चढवलेल्या रोडियमचा असतो. हा थर सहसा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि रोजच्या वापरात भांडी, पिशव्यांचे बंद, गाडीचे हँडल यांच्या घर्षणाने झिजतो, म्हणूनच पिवळेपणा बहुधा तळव्याकडच्या बाजूने सुरू होतो. अर्थात तुमचे सोने बिघडलेले नाही; त्याचा मूळचा रंग उघडा पडला आहे. ‘सोने खोटे निघाले’ अशी तक्रार केली आणि तपासणीत 750 निघाले, तर तुमचे प्रकरण तिथेच संपेल.

हॉलमार्कचाही येथे मर्यादितच उपयोग आहे. अंगठीवरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून घ्या. शुद्धता कमी निघाली तर भारतीय मानक ब्युरो नियम, 2018 प्रमाणे कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. मात्र हॉलमार्क शुद्धतेची ग्वाही देतो, रंगाची नाही.

तुमची खरी तक्रार आहे ती माहिती दडवल्याची. वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि प्रमाण यांविषयी माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(9) मध्ये ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. रोज बोटात राहणारी अंगठी आहे हे माहीत असताना, ‘हिला वरचेवर रोडियम द्यावे लागेल आणि त्याचा खर्च तुमचा’ हे एक वाक्य सांगायला हवे होते. बिलावर ‘रोडियम’ हा शब्द कुठे आहे का, पाहा. नसेल तर तुमची बाजू बळकट होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पॉलिशची हमी नाही’ असे छापले असेल तर ती दुबळी होते, पण संपत नाही. तुम्ही पक्के बिल घेतले असे पत्रात म्हणता, पण ते आता सापडत नाही! 64,000 रुपयांच्या वस्तूचे बिल दोन वर्षेही जपले जाऊ नये, याचे मला वाईट वाटते. पेढीकडे प्रत असते, ती आजच लेखी मागा आणि पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेचा उतारा काढा.

याहून मोठी चूक दुसऱ्या कारागिराकडे गेल्याची आहे. वस्तूत तिसऱ्याचा हात लागला की मूळ थर कसा होता हे सिद्ध करणे अवघड होते. म्हणून यापुढे आयोगाचा आदेश होईपर्यंत अंगठी पॉलिश करू नका, घासू नका. आज आहे तशी, सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो पहिला संदेश पुसू नका, कारण तुमची मुदत त्याच्यावर उभी आहे. तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे. बोटाला खाज किंवा पुरळ येत असेल तर मला स्वतंत्रपणे कळवा, कारण शरीराला झालेली इजा हा निराळा विषय आहे.

मिळेल काय, याबद्दल खात्री देत नाही. सोने खरे असेल तर पूर्ण किंमत परत मिळणे कठीण दिसते. पॉलिशचा खर्च, मनस्तापाची काही भरपाई आणि तक्रारीचा खर्च ही वाजवी अपेक्षा आहे. कायदा म्हणतो, प्रयोगशाळेची तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि एका अंगठीसाठी लोकांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागते, हे कायदा करणाऱ्यांच्या हेतूशी द्रोह करणारे आहे. म्हणून तडजोडीचे दार उघडे ठेवा, पण तारीख गमावून नव्हे.

बिलावर ‘मुंबई न्यायक्षेत्र’ असे छापलेले असले तरी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, तेव्हा नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. पेढीला या आठवड्यात 15 दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि सोळाव्या दिवशी, उत्तर आलेले असो वा नसो, तक्रार दाखल करा.