शुगरचा एचबीए१सी रिपोर्ट ७.१, म्हणजे बरा आहे, तरी बीपी १६२/६८. वडिलांच्या हृदयाला धोका आहे का?

सेलूला राहणाऱ्या तुमच्या वडिलांचं वय ६४, शुगर १४ वर्षांपासूनची, आणि डॉक्टर 'रक्तवाहिन्या कडक झाल्यात' एवढंच बोलले, असं तुम्ही लिहिलंय. मी परभणीत मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. स्पष्टच सांगतो, धोका आहे, आणि तो बीपीच्या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतोय.

१६२ मधून ६८ वजा केले की ९४ उरतात. १२०/८० बीपी असलेल्या माणसात हे अंतर ४० असतं. हृदयातून निघणारी महाधमनी ठोक्यासरशी फुगते आणि पुन्हा आवळताना रक्त पुढे ढकलत राहते. ती ताठ झाली की फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आवळत नाही, म्हणून खालचा उतरतो. "डॉक्टर, खालचा तर कमीच यायलाय, बरंच की," असं मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. बरं नसतं ते. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधेच मिळतं. म्हणजे त्याचे कष्ट वाढले आणि त्याचाच पुरवठा घटला. शिवाय महाधमनीनं पचवायचा धक्का मूत्रपिंड आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्यांवर जाऊन आदळतो.

मग शुगर चांगली असून असं का? एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हा रिपोर्ट गेल्या दोन-तीन महिन्यांचाच हिशेब सांगतो. तशीच साखर धमनीच्या भिंतीतल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनालाही चिकटते, त्याचे धागे एकमेकांना जखडून टाकते, आणि हे कोलॅजेन वर्षानुवर्षं बदललं जात नाही. पहिली पाच-सहा वर्षं वडिलांनी गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. त्या वर्षांची साखर भिंतीत तिचं काम करून गेलीय.

अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही निघालं म्हणून निर्धास्त राहू नका. ठिबकची नळी क्षारानं बुजते ते वेगळं, आणि चार उन्हाळे खाऊन कडक होते ते वेगळं. ताठरपणा मोजायची तपासणीही आहे: मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लहर किती वेगानं जाते ते बघतात, सेकंदाला १० मीटरच्या वर गेली तर धोका वाढलेला समजतात. पण त्यासाठी पुण्याला धावू नका, उपचार तिच्यावाचून अडत नाहीत. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय कोलेस्टेरॉल आणि ईसीजी मात्र दरवर्षी कराच.

सगळ्यात मोठा फायदा वरचा बीपी उतरवण्यात आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे १९९८ मध्ये आलेले आकडे बघा. मधुमेहींच्या एका गटाचा सरासरी बीपी १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. एवढ्या फरकानं पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. वडिलांना १३०च्या जवळ न्यायचं, पण हळूहळू. खालचा ६८ बघून घरच्या घरी गोळी बंद करू नका. बीपी बसून घ्या, मग उभं राहूनही घ्या. जुन्या शुगरनं नसा बिघडलेल्या असतात, उठताना बीपी एकदम पडतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू नसेल तर डॉक्टरांना विचारा. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, आणि त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं धरायचं. तंबाखू असेल तर ती आजच सुटली पाहिजे, इथं मी तडजोड करत नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा छातीत दुखलंच नाही. पहाटे दरदरून घाम आला, धाप लागली, आणि आम्ही शुगर कमी झाली असेल म्हणून साखरपाणी देत अर्धा तास घालवला. मी डॉक्टर असून. तुमच्या वडिलांना असं झालं तर शुगर तपासा, पण ती ठीक निघाली तर घरी वाट बघू नका, लगेच १०८ला फोन करा आणि पोचल्या पोचल्या ईसीजी काढायला सांगा.