चिखलातला मुलगा ओळखायचा कसा?

वाचकांचे प्रश्न, चित्रकाराची उत्तरं

ताई, तुम्ही मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढता. रोज बसलं की सुचतं का? दिवस कसा जातो?
– एक वाचक, डिचोली

रोज सुचतं? छे! सकाळी पोदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी जुन्या प्रूफांचे पाठकोरे कागद आणि बॉलपेन घेऊन पडवीत येते. पोदेर आमच्या फाटकाशी मिनिटभरही थांबत नाही. तेवढ्यात सायकल, टोपली, टोपलीवरचं निळं प्लास्टिक, जमेल ते काढायचं. पेन्सिल घेत नाही, कारण खोडता येतं म्हटलं की मी खोडतच बसते. ही चित्रं कुठेही जात नाहीत. हात सुटतो, आणि पाव गरम असतात.

मग खरं काम. सध्या हातात बत्तीस पानांची गोष्ट आहे. बत्तीस ही कुणाची लहर नाही. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू मिळून सोळा पानं बसतात, असे दोन फॉर्म. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशकाची माहिती वगैरे गेली की चित्रांना बारा-तेरा जोडपानं उरतात. ती आधी टपालाच्या तिकिटाएवढी काढते. एवढ्या लहान चौकोनात नाक-डोळे काढताच येत नाहीत, म्हणून कोण कुठे उभं आहे आणि मजकुराला जागा कुठे, एवढंच बघावं लागतं. पूर्वी मी ही पायरी गाळायचे. एका पुस्तकात बकरीचं तोंड नेमकं दोन पानांच्या मध्ये आलं आणि गोंदाच्या बांधणीने ते गिळलं. छापील प्रतीत दोन कान आणि शेपूट! चूक माझीच होती, पण प्रकाशकाशी दोन महिने अबोला मी धरला.

आता अडलेय ते वेगळ्याच ठिकाणी. गोष्ट आमच्या माशेल गावच्या चिखलकाल्याची, म्हणजे चिखलात खेळायच्या काल्याची आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात तो खेळतात. सगळे नखशिखांत चिखलाचे झाल्यावर गोष्टीतला मुलगा ओळखायचा कसा? लाल शर्ट घालू म्हटलं तर तिथे अंगात शर्टच नसतो. आठवडाभर मी तपकिरी रंगाच्या छटा मिसळत बसले. वेळ गेला, बाकी काही नाही.

शेवटी गेल्या वर्षीची वही उघडली. खेळ बघताना छत्री मानेत धरून पेन्सिलीने खरडलेली पानं होती, निम्मी पावसाने फुगलेली. एका पानावर लिहिलं होतं : ‘डोळे दंडाने पुसतात.’ खरंच! तळहात चिखलाचे, म्हणून पोरं कोपर वर करून दंडाने डोळे पुसतात, आणि दंडावरही चिखल असल्यामुळे तो आणखी पसरतो. शेजारच्या पानावर एक पोरगा एका हाताने चड्डी धरून धावत होता. नाडी सैल झाली असावी. सापडला माझा नायक! त्याला नुसत्या काळ्या शाईने भरून टाकला तरी गर्दीत तोच कळतो. पात्र जमलं की नाही, हे मी असंच तपासते. आता तेराही जोडपानांवर त्याचा डावा हात चड्डीवर आहे. शेवटच्या पानावर तो सोडू द्यावा का, हे अजून ठरत नाही.

दुपारी रंग. पावसाळ्यात तीनशे ग्रॅमच्या जाड कागदावरचा एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, तासभर ओला राहतो. रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला खळ दिलेली असते. ओल लागून ती गेली की तो टिपकागदासारखा रंग पितो, म्हणून माझे कागद पत्र्याच्या पेटीत असतात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. काही जलरंगांत मध घालतात. मुंग्यांना हे माझ्याआधी कळलं.

कम्प्युटरवर का काढत नाही?
– एक विद्यार्थी, फोंडा

हाताची सवय, दुसरं काही नाही. पण स्कॅनर आणि कम्प्युटर मलाही चुकत नाहीत. श्रावणातल्या शेताचा तो कोवळा हिरवा चार शायांच्या छपाईत मळकट होतो, तो आधीच ओळखून बदलावा लागतो. आपलं चित्र म्हणजे छापलेलं पान. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आपल्याला ठाऊक आहेत ते छापील मुखपृष्ठांवरून. त्यांची मूळ चित्रं कितीजणांनी पाहिलीत?

मुलगी आठ वर्षांची आहे. कायम दोन डोंगर आणि मधे सूर्यच काढते. क्लास लावू का?
– एक आई, साखळी

इतक्यात नको. क्लासात तिसरा डोंगर शिकवतील. चवथीला घरात गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधाल, तेव्हा तिला खाली चटईवर निजवा आणि वर बघून काढू द्या. खालून नारळाचा नुसता गोल दिसतो, सुपारीचा घड तोंडावर आल्यासारखा वाटतो, तोरिंगाचं, त्या लिंबाच्या जातीतल्या मोठ्या फळाचं, देठच दिसत नाही. ‘हे काय आहे’ असं विचारू नका. कंटाळली की उठेल आपली आपण.