सोसायटीतले आजी-आजोबा: वाचकांचे पाच प्रश्न

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांबरोबर काम करताना सोसायट्यांच्या कमिट्यांशी सतत बोलणं होतं. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. पहिल्या दोघांना सविस्तर लिहितो, कारण त्यांचे प्रश्न जवळपास प्रत्येक सोसायटीचे आहेत.

आमची दोनशे फ्लॅटची सोसायटी. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, ७५ पूर्ण झालेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. त्या दिवशी हॉल भरतो. पण क्लब हाऊसमध्ये मांडलेला कॅरम आणि पुस्तकांचं कपाट तसंच पडून आहे. दोन-तीन जणांपलीकडे कोणी येत नाही. ज्येष्ठांनाच रस नाही, असं समजायचं का?
— सोसायटीचे सेक्रेटरी, कोथरूड

तसं मुळीच समजू नका. आधी एवढंच बघा: क्लब हाऊसच्या त्याच मजल्यावर स्वच्छतागृह आहे का, आणि असलं तर त्याला कुलूप असतं का? कट्टा ओस पडण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि ते कोणी तोंडाने सांगत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेले काका काय किंवा खोकला आला की अवघडणाऱ्या मावशी काय, "मला नाही बाई आवड" म्हणतात आणि घरीच बसतात. दुसरी गोष्ट खुर्च्यांची. बिनहातांच्या खुर्चीतून उठताना गुडघे साथ देत नाहीत, म्हणून हाताच्या, थोड्या उंच खुर्च्या ठेवा. तिसरी गोष्ट आवाजाची. घुमणाऱ्या हॉलमध्ये पंख्याखाली वीस जण एकदम बोलले, की कमी ऐकू येणारा माणूस पंधरा मिनिटांत एकटा पडतो आणि पुन्हा फिरकत नाही. सात-आठ जणांचे छोटे गोल करा.

वेळही तपासा. बऱ्याच आज्या साडेचारला नातवंडांची शाळेची बस घ्यायला गेटवर उभ्या असतात. खरं तर तुमचा कट्टा तिथे आधीच भरतो आहे! तिथे सावलीत दोन बाकं टाका. एका सोसायटीत एवढंच केलं, आणि बस येऊन गेल्यावरही सगळ्या जणी अर्धा तास बसू लागल्या. पुढे त्यातूनच त्यांची भिशी आणि गुरुवारचं भजन सुरू झालं.

पुरुषांची गोष्ट वेगळी असते. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस 'वेळ घालवायला' या म्हटलं तर येत नाही, त्याला काम लागतं. तुमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेलं कोणीतरी नक्की असेल. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण अनेकांना ते एकट्याने जमत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक टेबल लावा आणि त्या गृहस्थांना तिथे बसवा. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं कवच देणारं आयुष्मान वय वंदना कार्डही त्याच टेबलावर काढून देता येईल. असं टेबल महिनाभर चाललं, की कॅरमही आपोआप सुरू होतो.

आणि बोलावणं ग्रुपवरच्या मेसेजवर सोडू नका. पहिल्या चार वेळा कोणीतरी घरी जाऊन बेल वाजवावी आणि बरोबर घेऊन यावं. पत्नी गेल्यानंतर घरात बसलेल्या काकांच्या बाबतीत तर हे चार वेळा पुरत नाही, दहा वेळा जावं लागतं. जा. सत्काराच्या खर्चातली शाल कमी झाली तरी चालेल.

माझं वय ७४. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत, मी ठाण्यात एकटी. तब्येत बरी आहे आणि कोणी सारखं डोकावलेलं मला आवडत नाही. पण रात्री पडले तर कोणाला कळणार, या विचाराने झोप लागत नाही.
— एक वाचक, ठाणे

ताई, तुम्हाला हवी ती मोकळीक ठेवूनही याची सोय होते. एक खूण ठरवा. रोज सकाळी साडेआठपर्यंत तुम्ही दाराबाहेरची दुधाची पिशवी आत घ्यायची. ती बाहेरच दिसली तर समोरच्या घराने आधी फोन करायचा, मग बेल वाजवायची, आणि उत्तर आलं नाही तर किल्लीने दार उघडायचं. यात कोणी चौकशा करायला येत नाही आणि तुम्हालाही रोज 'मी बरी आहे' असं सांगावं लागत नाही. गावाला जाणार असाल तेव्हा मात्र आठवणीने सांगा.

किल्ली बंद पाकिटात, त्यावर तुमची सही करून, तुमचा विश्वास असेल त्या शेजाऱ्यांकडे द्या. आता एक गोष्ट नीट वाचा, कारण इथे फार जणांची चूक होते. रात्री लॅचबरोबर आतून कडीही लावलीत, तर त्या किल्लीचा काही उपयोग नाही. मग सुतार शोधून दार फोडावं लागतं आणि त्यात वेळ जातो. भीती वाटत असेल तर बाहेरूनही किल्लीने उघडणारं दुसरं चांगलं कुलूप बसवून घ्या, पण कडी नको. बाथरूमचंही तेच. घरात एकट्याच असताना आतून कडी कशाला?

पडण्याचे प्रसंग बरेचदा रात्री लघवीला उठताना येतात. जाग आली की लगेच उभं राहू नका. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच पाळा आणि तोल जातो असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा, पायपुसणी सरकणारी नको, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलची दांडी धरून उठू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. मोबाइल उशाशी न ठेवता गाऊनच्या खिशात असू द्या. पडलातच तर तो हाताशी हवा.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात एक कागद लावा: चालू औषधं, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, मुलाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८. दार उघडून आत आलेल्या माणसाला तुमच्याबद्दल काहीही माहीत नसेल असं धरून तो लिहा.

तळमजल्यावर तीन पायऱ्या आहेत. रॅम्पचा विषय काढला की "पाच-सहा लोकांसाठी सगळ्यांनी मेंटेनन्स का वाढवून घ्यायचा?" असं विचारतात. काय उत्तर द्यावं?
— खजिनदार, नाशिक

सभेत आकडे घेऊन जा. रॅम्पचा उतार १ ला १२ असावा लागतो. तीन पायऱ्या मिळून साधारण ४५ सेंटिमीटर उंची धरली, तर सुमारे साडेपाच मीटर लांबी हवी. घाईत बांधलेला छोटा, उभा रॅम्प पायऱ्यांपेक्षा जास्त धोक्याचा असतो. चाकाची खुर्ची त्यावरून सुटते. सरळ जागा नसेल तर वळण घेऊन जमतं का, हे वास्तुविशारदाकडून आखून घ्या. पण पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आणि कडांना वेगळ्या रंगाची पट्टी, हे या महिन्यातच करून टाका. त्याला फार खर्च नाही. रॅम्पचा अंदाजपत्रकासह ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवा आणि त्या पाच-सहा जणांपैकी एकाला तिथे बोलू द्या. तीन पायऱ्यांमुळे चार महिने खाली न उतरलेल्या माणसाचं म्हणणं ऐकल्यावर विरोध करणं अवघड जातं.

सासऱ्यांना विसर पडतो. दोनदा ते संध्याकाळी 'ऑफिसला जातो' म्हणून गेटबाहेर गेले. सोसायटीत सांगावं का? यजमानांना लोक काय म्हणतील याची लाज वाटते.
— एक सूनबाई, चिंचवड

सांगा, पण सगळ्या ग्रुपवर नको. दोन्ही पाळ्यांचे वॉचमन, खालच्या मजल्यावरचं एक घर आणि कोपऱ्यावरचा किराणावाला, एवढ्यांना फोटो दाखवून सांगा. वॉचमनला हेही शिकवा, की काकांना अडवायचं नाही, दंडाला धरायचं नाही. "साहेब, गाडी यायला वेळ आहे, तोवर बसा ना," म्हणत खुर्ची द्यायची आणि तुम्हाला फोन करायचा. त्यांच्या मनात ते खरंच ऑफिसला निघालेले असतात, वाद घातला की घाबरतात आणि चिडतात. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड कायम असू द्या. आणि 'वयामुळे होतं' म्हणून सोडू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइडचा त्रास यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. तपासणी एकदा नीट होऊ द्या.

यजमानांना माझ्याकडून सांगा: वडिलांच्या आजाराची लाज बाळगण्यासारखं काही नाही, आणि ते हरवले तर शोधायला हेच लोक धावणार आहेत.

शेजारच्या आजींवर मुलगा ओरडतो, त्यांना खोलीत बंद करून दोघं बाहेर जातात. फ्लॅट आजींनीच मुलाच्या नावावर केला आहे. आम्ही मध्ये पडावं का?
— नाव देऊ नये, डोंबिवली

पडा, पण सभा बोलावून किंवा मुलाला जाब विचारून नको. त्याचा राग तुम्ही गेल्यावर आजींवर निघेल. आधी आजी एकट्या भेटतील अशी वेळ बघा, वाटी भाजीच्या निमित्ताने जा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. पहिल्या भेटीत त्या "सगळं ठीक आहे" म्हणतील. पुन्हा जा.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली त्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. अर्ज त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. सांभाळ करण्याच्या अटीवर फ्लॅट दिला असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची तरतूद कलम २३मध्ये आहे. बक्षीसपत्रात तशी अट लिहिली आहे का, हे वकिलाला दाखवून घ्या. हे वाचणाऱ्या आणि अजून घर नावावर न केलेल्या सगळ्यांनी ती अट लिहून घ्यावी, कितीही गुणी मुलगा असला तरी.

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते आणि शेजारीही तिथे फोन करू शकतात. मारहाण होत असेल किंवा त्या आत कोंडलेल्या असताना हाक मारत असतील, तर वाट बघू नका, ११२ लावा. आजच संध्याकाळी ती भाजीची वाटी घेऊन जा.