इम्प्रोव्हायझेशन: उत्स्फूर्त की उपज?

प्रश्न असा आला आहे: ‘जॅझमधल्या इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे वाजवता वाजवता नवं रचण्याला, मराठीत सर्रास उत्स्फूर्त वादन म्हणतात, ते बरोबर आहे का? आपल्या रागसंगीतात गायक गाता गाता जे नवं रचतो त्याला उपज म्हणतात, तो शब्द तिथे चालेल का?’

माझा कौल ‘उपज’ला. ‘उत्स्फूर्त’ मला जॅझच्या बाबतीत चुकीचाच वाटतो.

उत्स्फूर्त बंद, उत्स्फूर्त प्रतिसाद असं आपण म्हणतो तेव्हा कुणी ठरवलं नव्हतं, तयारी केली नव्हती, हेच सांगायचं असतं. जॅझवादकाची तयारी मात्र आयुष्यभराची असते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९५४ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की, उमेदीच्या तीन-चार वर्षांत तो दिवसाला ११ ते १५ तास रियाज करायचा. कृष्णवर्णीय वादकांबद्दल ‘हे त्यांच्या रक्तातच असतं’ असं अमेरिकेत फार काळ बोललं गेलं, तेही कौतुकाच्या सुरात. त्या कौतुकात त्यांचे कष्ट आणि त्यांची बुद्धी, दोन्ही पुसली जायची. ‘उत्स्फूर्त’ नकळत त्याच समजुतीला बळ देतो.

आता ‘उपज’. संस्कृत उत्पद्यते, प्राकृत उप्पज्जइ, मराठी उपजणे. ज्ञानेश्वरीतलं ‘उपजे तें नाशे’ सगळ्यांच्या कानावर असतं. उपजायला आधी काहीतरी असावं लागतं. ख्यालात राग, बंदिश, ताल आधीच असतात आणि गायकाची उपज त्यांतूनच निघते. जॅझचंही तसंच. पुष्कळ जुन्या धुना ३२ बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांचे ३२ खण. धून एकदा वाजवून झाली की तिच्या खालची कॉर्डांची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची) मांडणी तशीच फिरत राहते आणि तिच्यावर प्रत्येक वादक नवी सुरावट रचतो. या एका फेऱ्याला ते कोरस म्हणतात. आपण बिनदिक्कत आवर्तन म्हणावं. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने १९३९ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, ते या दृष्टीने मुद्दाम ऐका. मूळ चाल तो सुरुवातीला जेमतेम सुचवतो. बाकी दोन्ही आवर्तनं जवळजवळ सगळी त्याची स्वतःची आहेत, तरी खालचा सांगाडा कुठे सुटत नाही.

कुणी म्हणेल, पण ऐनवेळी सुचणं असतंच ना? असतं. फेब्रुवारी १९६० मध्ये बर्लिनला जॅझगायिका एला फिट्झजेराल्ड ‘मॅक द नाइफ’ गात होती आणि मध्येच शब्द विसरली. ती थांबली नाही. शब्द विसरले, हेच तिने चालीत बसवून गायलं, हे गाणं गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं ओवली, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. मागे पियानो, गिटार, बास, ड्रम्स न डगमगता चालू होते. त्या ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी मिळालं. ते शब्द उत्स्फूर्त होते, मान्य. पण लय आणि चाल न सोडता ते मात्रांत नेमके बसवणं ही उपज होती, आणि तिच्यामागे पंचवीस वर्षांचं गाणं होतं.

‘उपज’ एका जागी मात्र तोकडा पडतो. आपल्या मैफलीत उपज मुख्य कलाकाराची, तबला-पेटीची साथ. जॅझमध्ये आत्ता साथ करणारा पुढच्या आवर्तनात मुख्य होतो आणि मघाचा मुख्य साथीला जातो. दोघं चार-चार बार आलटून पालटून वाजवतात, त्याला आपला ‘सवाल-जवाब’ अगदी चपखल बसतो. एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी ओ द्यायची, ही रीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या काँगो स्क्वेअर या चौकात ती माणसं रविवारी जमून गायची, नाचायची. तिथली हाक आणि ओ जॅझमध्ये आजही ऐकू येते. सवाल-जवाब करायचा तर समोरच्याला तोलामोलाचा मानावंच लागतं. १९३६ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या चौकडीत तो आणि जीन क्रूपा गोरे, टेडी विल्सन आणि लायोनल हॅम्प्टन कृष्णवर्णीय. जिथे दोन वंशांच्या माणसांनी एकत्र जेवायला बसणंही अनेक ठिकाणी चालत नसे, त्या देशात हे चौघं लोकांसमोर एका मंचावर वाजवत होते. जॅझमधलं स्वातंत्र्य म्हणतात ते मला इथे दिसतं: इतर तिघं कान देऊन ऐकत असतात, म्हणून चौथ्याला कुठेही जाता येतं.

म्हणून एकट्याच्या वादनाला ‘उपज’ म्हणावं. आणि जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीत कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन एकाच वेळी आपापली वाट काढतात, त्याला ‘सामूहिक उपज’.

लिहिताना ‘हॉकिन्सने दोन आवर्तनं उपजेने वाजवली’, ‘एलाच्या उपजेला सीमा नव्हती’ असं सहज लिहिता येतं. ‘उपजत’ मात्र कटाक्षाने टाळा. ‘उपजत वादन’ लिहिलंत की अर्थ ‘जन्मजात’ होतो आणि गाडी परत ‘रक्तातच असतं’वर येते.